बाबांना समुद्र दाखवताना

दिग्रस, दि. ६ जानेवारी २०२५

ती. कोकिळाताईस,
घनश्यामचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघे इकडे बरे आहोत. तुझा फोन लागला नाही म्हणून पत्र लिहितो आहे असं म्हणणार होतो, पण लागून तरी काय उपयोग? तुमच्या पिंपळखुट्यात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ, आणि तिथं तू बोलायला लागलीस की निम्मं गाव ऐकायला थांबतं. मागच्या वेळी तू बाबांच्या पोटाचं विचारलंस तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या नंदाबाईंनी ओव्याची पुडी आणून दिली म्हणे. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी अशी की कोचीची तिकिटं झाली. ६ फेब्रुवारीला नागपूरहून गाडी आहे. दोन्ही पक्की, दोन्ही खालचे बर्थ. मी तीन वेळा तपासून पाहिलं.

बाबांनी एकतीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस पारखला. अंगठ्यांच्या चिमटीत धागा ओढून लांबी सांगायची, मग रुईच्या गाठी बांधल्या जायच्या, ट्रकमध्ये चढायच्या आणि निघून जायच्या. बाबा फाटकापर्यंत. त्या ट्रकवाल्यांत एक कोचीकडचा होता. तो सांगायचा की आमच्या बंदरावर घराएवढाली जाळी आहेत, ती लाकडाच्या वाशांवरून पाण्यात वाकतात आणि मासे घेऊन वर येतात. आपण लहान होतो तेव्हा बाबा दोन हात पसरून ती जाळी करून दाखवायचे, आठवतं ना? आयुष्यात समुद्र पाहिला तर तोच पाहीन, असं ते तेव्हापासून म्हणतात.

डोळ्यांचं तुला माहीतच आहे. सप्टेंबरात यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू आहे, डावा डोळा गेला, उजव्यात निम्मं उरलं आहे, गेलेलं परत येत नाही, नेमाने थेंब टाकले तर उरलेलं टिकू शकेल. दोन वर्षं आपण त्याला रुईची धूळ समजत बसलो. जिनिंगमधल्या सगळ्यांचेच डोळे संध्याकाळी चुरचुरतात आणि गुलाबपाण्याने उतरतात. बाबांचे उतरले नाहीत तेव्हा आपण गुलाबपाण्याची बाटली बदलली.

मला आता एकच घाई आहे. त्या उरलेल्या निम्म्यात समुद्र मावला पाहिजे. गेल्या फेब्रुवारीत एक तिकीट पक्कं झालं आणि एक वेटिंगवर राहिलं, म्हणून मी दोन्ही रद्द केली होती. तू तेव्हा म्हणाली होतीस की जाय, टीसी काही खात नाही. पण छापखान्यात माझ्यापुढे जुळवायच्या-तपासायच्या लग्नपत्रिकांचा ढीग होता आणि मला अर्धवट तिकिटावर बाबांना घेऊन निघायची भीती वाटली. म्हटलं, पुढच्या वर्षी नीट जाऊ.

भाऊजींना नमस्कार, अर्पिताला पापा. थंडीत तेल गोठतं तशी तुझी आठवण गोठू देऊ नको, दोन ओळी पाठव.

तुझा,
घनश्याम


पिंपळखुटा, ता. पुसद, दि. १३ जानेवारी २०२५

चि. घनश्याम यास,
ताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे परीक्षेचा पेपर. एक काना इकडचा तिकडे नाही. माझ्या पत्रातल्या चुकायले लाल शाई लावत बसू नको, सातवी झालेल्या बाईले एवढंच येते. अकरावीत शाळा सोडली तरी तुझ्यातला मास्तर काही गेला नाही.

तिकिटं झाली हे लय चांगलं केलं. आता ऐक. काही झालं तरी रद्द करू नको. तुले ताप आला, मालक रुसला, छापखान्यावर वऱ्हाड चालून आलं, तरी जाय. आन पुढच्या वर्षीचं नाव काढू नको.

बाबाचा हात सोडू नको. गर्दीत नाही म्हणत, कुठंच सोडू नको. पायरी आली की आधी सांगत जाय. आन जे समोर असन ते बोलत जाय. तू घरी दिवसभर मुका असतो, तिथं तसा राहू नको. केवढं आहे, कसं आहे, कोण काय करून राह्यलं, समदं सांग. बाबाले ऐकायला आवडते. तू म्हणशील ताई काहून एवढं बजावून राह्यली, तर बाबाचं वय झालं म्हणून, दुसरं काही नाही.

उद्या संक्रांत आहे. तिळगूळ सोबत पाठवला आहे, पोस्टात चुरा झाला तर चमच्यानं खा. अर्पिताले पहिलीत फळ्यावर नाव लिहाले सांगितलं तर तिनं आजोबाचं लिहिलं. बाईंनी विचारलं, तर म्हणते हेच सोपं आहे.

माया इथून पाठवते, ती काही पोस्टात चुरत नाही.

तुझी,
ताई


दिग्रस, दि. २९ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ चमच्यानेच खाल्ला. बाबांनी विचारलं की पोस्टमनने वरून हातोडा मारला काय.

माझी तयारी झाली आहे. थेंबांच्या दोन बाटल्या घेतल्या, दोन वेगळ्या पिशव्यांत, म्हणजे एक पिशवी गेली तरी दुसरी राहील. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या तीन प्रती आहेत. शेजारच्या लालीबाई प्रवासाला तिखट पुऱ्या करून देणार आहेत. किती दिवस टिकतील असं मी दोनदा विचारलं, तर म्हणाल्या की बेटा, तू विचारत राह्यला तर करायच्या आधीच शिळ्या होतील.

एक आनंदाची गोष्ट. नोव्हेंबरची तपासणी बाबांनी गुडघे दुखतात म्हणून टाळली होती. पुढची तारीख मार्चची मिळाली, म्हणून मला चिंता होती. तेव्हा मी घरीच एक उपाय काढला. दर रविवारी छापखान्यातून आठवड्यातली नवी पत्रिका आणतो, दारात उभा राहून उजेडात धरतो आणि खाटेवर बसलेल्या बाबांना विचारतो की वर काय छापलं आहे. बाबा डोळे बारीक करून म्हणतात, गणपती. खाली काय, तर म्हणतात, श्री गणेशाय नमः. चार रविवार झाले, एकदाही चूक नाही. थेंबांचा गुण येतो आहे असं दिसतं.

काल तर आपणहून म्हणाले की नवा सदरा चांगला दिसते रे तुले. तो जुनाच होता, पण मी खळ करून कडक इस्त्री केली होती. त्यांनी तेवढं टिपलं याचंच मला बरं वाटलं.

आम्ही सहा तारखेला सकाळच्या गाडीने निघू. कोचीहून पत्र टाकीन. तोवर तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे, तोही शक्यतो पक्का, वेटिंगवरचा नको.

तुझा,
घनश्याम


पिंपळखुटा, दि. ५ फेब्रुवारी २०२५

चि. घनश्याम,
अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र तुले तिकडून आल्यावर भेटीन. भेटावं तेव्हाच म्हणून आज लिहून राह्यली. आधी भेटलं असतं तर तू पुन्हा तिकिटं रद्द केली असती.

बाबाले दिसत नाही, घनश्याम. निम्मं नाही आन पावही नाही. दारात कोणी उभं राह्यलं तर उजेड अडते, एवढं कळते, बस. दिवाळीत इथं आला होता तेव्हा अर्पितानं किल्ला दाखवला. तो कौतुक करत होता आन तोंड करून होता गोठ्याकडे. पोरगी खेळायला गेल्यावर मी विचारलं. आधी हसण्यावारी नेलं. मग म्हणाला की दसऱ्यापासून असंच आहे.

मले अर्पिताच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की घनश्यामले सांगणार नाही. म्हणे, पोरगं वर्षभर त्या समुद्राचं घेऊन बसलं आहे. त्याले कळलं तर ते जाणार नाही, आन मग जन्मभर मनाले लावून घेईन. मी चार दिवस गेलो, हो म्हटलं, चांगलं आहे म्हटलं, की ते सुटलं. मले काय, आवाज तर ऐकू येईन.

आज मी ती शपथ मोडली. लिहून झाल्यावर पोरीले जवळ घेऊन बसणार आहे.

तू पत्रिका धरत होता ते वाचून मले रडावं का हसावं कळेना. अरे वेड्या, आपल्याकडच्या पत्रिकेवर गणपती नाही तर काय असते? एखाद्या रविवारी बुद्धाच्या फोटोची धरली असती, नाही तर शादीचं कार्ड धरलं असतं, तर त्याच दिवशी समजलं असतं. रोज दुसऱ्यायच्या चुका काढणारा तू, आन म्हाताऱ्यानं तुले चार रविवार गंडवलं. तो मनातून खूश असन.

परवा टाकीवरून तुले फोन लावला होता. बाबानं उचलला आन म्हणाला, बोल बेटा, काय म्हणतो तुमचा पाऊस. माघ महिन्यात. मी सांगून टाकीन असं त्याले वाटलं असन, म्हणून फोन तुझ्यापर्यंत जाऊच दिला नाही.

रागावशील तर रागाव. पण इथं येऊन रागाव.

तुझी,
ताई


फोर्ट कोची, दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी सुखरूप पोचलो. पुऱ्या टिकल्या. बाबांनी गुडघ्यांमुळे सबंध प्रवासात माझा खांदा धरला होता, बाकी तक्रार नाही. एर्नाकुलमहून इकडे बोटीने यावं लागतं, तिकीट एसटीपेक्षा स्वस्त. बोटीत मी तुझ्या आज्ञेप्रमाणे सारखा बोलत होतो. शेजारच्या बाई माझ्याकडे पाहून हसल्या, तरी थांबलो नाही.

आज मट्टनचेरीला गेलो. तिथं मसाल्यांची जुनी गोदामं आहेत, गल्लीच्या तोंडापासूनच नाकात सुंठ शिरते. बाबा एका दुकानात पोत्यापाशी थांबले, हात घातला, मिरे दोन बोटांत फिरवले आणि म्हणाले की हे मागच्या सालचे आहेत. मी मोडक्या हिंदीत दुकानदाराला तसं सांगितलं. तो चमकला आणि आतून दुसरं पोतं काढून आणलं. आम्हाला काही घ्यायचंच नव्हतं, शेवटी लाजेखातर पावभर घेतले. तुझ्यासाठी आणतो.

मग राजवाड्यातली भिंतींवरची जुनी चित्रं पाहिली. बाबा एकेका भिंतीपुढे कितीतरी वेळ उभे राहिले आणि म्हणाले की रंग पक्के आहेत. जुन्या चर्चमध्ये तर हात जोडून बसले. मी इतका सुखात होतो की थेंबांची वेळ दहा मिनिटं पुढे गेली, तरी मला कळलं नाही.

जाळी आणि मोकळा समुद्र मी उद्यासाठी राखून ठेवला आहे. किनारा पश्चिमेला आहे, संध्याकाळी सूर्य समोर असतो. तेव्हाच चांगलं दिसेल.

दि. ११ फेब्रुवारी

ताई, परवा इथवर लिहून ठेवलं होतं. आता पुढचं लिहितो. तू बसून वाच, आणि अर्पिता जवळ असेल तर तिला बाहेर खेळायला पाठव.

काल संध्याकाळी बाबांना किनाऱ्यावर नेलं. समुद्र मी ज्या चित्रांत पाहिला होता तसा नव्हता. आपल्या धावंडा नदीला पूर येतो तसं मातकट पाणी, वर जलपर्णीचे हिरवे पुंजके वाहत होते, काठाला बाटल्या अडकल्या होत्या. मला वाईट वाटलं. एवढ्या लांब आणून बाबांना हे दाखवायचं, असं वाटून मी गप्प झालो. तेवढ्यात बाबा म्हणाले की किती निळं आहे रे बेटा, डोळे निवले.

मला वाटलं थट्टा करताहेत. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड समुद्राकडे नव्हतं. आमच्या डाव्या हाताला एक दगडी भिंत होती, तिच्याकडे पाहून ते हसत होते.

ताई, एका क्षणात मला सगळं मागचं दिसलं. गुडघे, खांदा, सदरा, पक्के रंग, चारही रविवार.

मी तेव्हा हो बाबा, निळं आहे, असं म्हणायला हवं होतं का? तेवढ्यासाठीच त्यांनी हे सगळं सोसलं होतं. पण चुकीचा मजकूर समोर आला की माझा हात थांबत नाही. मी म्हणालो की नाही बाबा, निळं नाही. मातकट आहे.

माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात जड झाला. मग म्हणाले, बरं. आन मग काय काय दिसून राह्यलं?

मी त्यांचे खांदे धरून त्यांना पाण्याकडे वळवलं आणि सांगू लागलो. जलपर्णी सांगितली, बाटल्यासुद्धा सांगितल्या. एक मोठं जहाज चाललं होतं, त्याच्या खिडक्या मोजून सांगितल्या. सूर्य किती बोटं वर आहे ते सांगितलं. बाबा म्हणाले की तेवढा उजेड मले लागून राह्यला. मग त्यांनी विचारलं की पाणी कुठपर्यंत आहे. मी म्हणालो की शेवट दिसत नाही. तर म्हणाले, मग आपल्या दोघायले सारखंच दिसून राह्यलं.

हे म्हणून ते हसले. मला हसता आलं नाही. बाबांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि हात ओला झाल्यावर म्हणाले की समुद्राचं पाणी खारट असते म्हणतात, ते खरं आहे.

आज सकाळी जाळ्यांवर गेलो. कोळ्यांनी बाबांना दोर ओढायला दिला. एका जाळ्याला पाच-सहा माणसं लागतात, पलीकडून दोरांना मोठे दगड टांगलेले आहेत, तेच जाळं वर उचलायला मदत करतात. बाबांनी ओढता ओढता दोराचा एक धागा सोडवला, अंगठ्यांत धरून ताणला आणि म्हणाले की आखूड आहे, पण दम आहे. जाळ्यात सात मासे आणि एक चप्पल आली. मी दोन्ही सांगितलं.

मी त्यांना विचारलं की ताईला माहीत आहे का. म्हणाले, तिले काही सांगू नको, पोरीचा जीव लहान आहे. तरी मी लिहितो आहे. एकट्याने हे घेऊन मला गाडीत बसवणार नाही.

उद्या निघतो. आमच्यावरची माया या पत्रामुळे जड होऊ देऊ नको.

तुझा,
घनश्याम


दिग्रस, दि. १६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा घरी आलो. तुझं ५ तारखेचं पत्र लालीबाईंनी जपून ठेवलं होतं. मी ते उभ्यानेच वाचलं. माझं कोचीचं पत्र एव्हाना तुला मिळालं असेल. तू माझ्यापासून लपवत होतीस, मी तुला सांगायला घाबरत होतो, आणि बाबा दोघांनाही एकमेकांपासून राखत होते. तिघांनी मिळून एवढा उद्योग केला.

तुझ्यावर रागावलो का? गाडीत असताना वाचलं असतं तर रागावलो असतो. आता बाबा बाजूला बसून तुझ्यासाठी आणलेले मिरे निवडताहेत, बोटांनी, आणि एक खडा राहू देत नाहीत. त्यांना पाहून राग राहत नाही.

मला एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती तूच सांगू शकतेस. गेल्या फेब्रुवारीत, मी तिकिटं रद्द केली त्याच आठवड्यात, बाबा तुझ्याकडे आले होते. तेव्हा त्यांना किती दिसत होतं? मला हे नक्की कळलं पाहिजे. मी रोज समोर असूनही पाहिलं नाही, म्हणून मला माझं आठवणं खरं वाटत नाही. त्यांना विचारलं तर ते माझ्या सोयीचंच सांगतील. तू तसं सोयीचं सांगू नकोस. तेव्हा ते समुद्र पाहू शकले असते की नाही, एवढंच लिही.

माझ्यासाठी काही कमी-जास्त करू नको. तुझी माया आहे म्हणून मागतो आहे.

तुझा,
घनश्याम


पिंपळखुटा, दि. २० फेब्रुवारी २०२५

चि. घनश्याम,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं कोचीचं पत्र मी तीनदा वाचलं. सात मासे आन चप्पल वाचून अर्पिता हसली, बाकीचं तिले वाचून दाखवलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला सकाळपासून बसली आहे. दोनदा गाईले चारा टाकून आली, एकदा विनाकारण अंगण झाडलं. नाही दिसत होतं, असं लिहिलं की झालं, हे मलेही समजते. तू विश्वासही ठेवला असता. पण या घरात आता खोटं पुरे झालं.

दिसत होतं, घनश्याम. गेल्या फेब्रुवारीत तो इथं ओट्यावर बसला होता. शेताच्या धुऱ्यापलीकडं शेजारच्या उत्तमसिंगचे बैल चरत होते. बाबा म्हणाला की तांबड्याचं डावं शिंग टोकाशी फुटलं आहे. मी इथून पाह्यलं तर मले दिसलं नाही. जवळ जाऊन पाह्यलं तर खरंच फुटलं होतं. तेव्हा समुद्र त्याले पुरा दिसला असता, जहाजाच्या खिडक्याही त्यानंच तुले मोजून दाखवल्या असत्या.

लिहिलं. आता तू जेवणार नाही हे मले माहीत आहे. कारण गुलाबपाण्याच्या बाटल्या पुसदहून आणून पाठवत होती ती मीच, आन दोन वर्षं दर वेळी तुले लिहीत होती की दवाखान्यात कायले पैसे घालता, ही कंपनी चांगली आहे. मीही सप्टेंबरापासून नीट जेवत नाही. आपल्या दोघायचं वजन बाबाले हातानं कळते, म्हणून तरी जेव.

आणखी एक. तू त्याले निळं नाही म्हणून सांगितलं, ते चांगलं केलं. फोनवर त्यानं मले सांगितलं की पोरगं खरं बोललं तेव्हा मले समुद्र दिसला, त्याच्याआधी नुसता आवाज होता. टाकीवर दहा माणसं होती, पण मी रडून घेतलं.

ये आता. बोलावणं पाठवायची वाट पाहू नको.

तुझी,
ताई


दिग्रस, दि. २४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू खरं लिहिलंस. पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. एका पत्रिकेत वराच्या जागी वधूचं नाव जुळवलं, छापायच्या आधी मालकांनी पाहिलं म्हणून वाचलो.

काल बाबांना सगळं सांगितलं. म्हणालो की गेल्या साली तुम्हाला दिसत होतं आणि मी एका वेटिंगच्या तिकिटापायी राहिलो. बाबा म्हणाले, माहीत आहे. म्हणाले की दसऱ्याच्या सुमारास एक-दोन दिवस मले तुया लय राग आला होता. तू घरात आला की मी झोपेचं सोंग घेत होतो. मग उतरला. मी विचारलं की कसा उतरला. तर म्हणाले, ते काही मले समजलं नाही बेटा, राग काय सांगून उतरते?

राग नव्हताच असं ते म्हणाले असते तर मी ऐकलं नसतं. आला होता म्हणाले, म्हणून उतरला हेही खरं मानतो. माझा मात्र माझ्यावरचा उतरलेला नाही. तो उतरेल असं वाटतही नाही.

शनिवारी यवतमाळला गेलो होतो. मार्चची वाट पाहिली नाही, नंबर नव्हता तरी बाकावर दुपारपर्यंत बसलो. डॉक्टरांनी तपासून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की उजेड आणि सावली एवढंच राहिलं आहे, तेही काही आठवड्यांचं दिसतं, त्याहून नक्की सांगता येत नाही. बाबांना कान आहेत. बाहेर आल्यावर एसटीत मला म्हणाले की आठवड्यांचं आहे ना, मग ते कशावर खर्च करायचं ते मी ठरवतो. समुद्र झाला. आता मले पोरीची सावली पाहायची आहे. दिवाळीत होती त्यापेक्षा उंच झाली असन.

म्हणून आम्ही उद्याच येतो आहोत. लग्नसराई आहे, मालकांना विचारलं नाही, सांगितलं. गाडीत जागा मिळाली तर बसून, नाही तर उभ्याने. हे पत्र पोस्टात टाकत नाही. सकाळच्या पुसद गाडीच्या कंडक्टरजवळ देतो, तो तुमच्या फाट्यावरच्या चहावाल्याकडे ठेवील. आम्ही दुपारच्या गाडीने निघू.

तुमचं मागचं दार पश्चिमेकडे उघडतं. पाचच्या सुमाराला ऊन त्या दारातून सरळ आत येतं. मधल्या घरात खाट टाकून ठेव. बाबांना मी तिथं बसवीन. मागच्या दारातली बादली, खराटा, दोरीवरचे कपडे, सगळं काढून दार मोकळं कर. मग अर्पिताला उंबऱ्यावर उभी कर, उन्हाकडे पाठ करून. हात अंगापासून थोडे दूर ठेवायला सांग, म्हणजे आकार नीट येईल. भिंतीला टेकू देऊ नको.

आणि तिला नीट समजावून सांग की आजोबा आले तरी पळत यायचं नाही, हाक मारायची नाही. तिचा आवाज आधी कानावर पडला तर मग त्यांनी पाहिलं की ऐकलं ते कुणालाच कळणार नाही. तिनं गप्प उभं राहायचं. आधी आजोबा तिचं नाव घेतील.

आम्ही येतो आहोत. दार उघडं असू दे.

तुझा,
घनश्याम